तानपुरा लागत नाही, या तक्रारीबद्दल

नमस्कार ताई,

पहिली तार दोनदा तुटली, जवारी (तारेला झणकार देणारी घोडीची घासणी) बसली, सूर जुळवायच्या ॲपवर चारही तारा हिरव्या दिसूनही मालकंस राग बेसूर वाटतो, मिरजेच्या नावावर कच्चा माल खपवला, असं तुम्ही लिहिलंय. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाखाली कच्चं वाद्य बाहेर जाऊ देणं आम्हाला जमणारच नाही. तुमचं वाद्य पक्कं आहे. अडचण पट्टीची आहे.

हा तानपुरा तुम्ही यजमानांच्या गाण्यासाठी, काळी एकचा, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा धरून, बांधून घेतलात. आता त्यावर मुलगी काळी पाचला गाते, हेही तुम्हीच लिहिलंय. तीच लांबी, तीच जाडी ठेवून तार काळी एकवरून वर काळी पाचला चढवली की ताण पावणेतीन पटींहून जास्त होतो. ही तार एवढं सोसत नाही. तुटली नाही तरी खुंटी घसरते, घोडीवरच्या दोऱ्याची जागा चुकते आणि झणकार मिटतो. म्हणून तर लेडीज तानपुरा आखूड आणि बारीक तारांचा असतो. कृपा करून आज आधी तारा उतरवा, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर, उगाच दाब नको.

मालकंसाचं कारण वेगळं. त्यात पंचम (प) वर्ज्य, आणि तुमची पहिली तार पंचमात! पंचम जागेवर आहे एवढंच ॲप सांगतं, राग कुठला ते नाही. मालकंसाला ती तार मध्यमात (म) उतरवा. मारवा रागाला निषादात (नी) चढवतात, तिथे मात्र जपून. पंचमावरून निषादाला जाताना ताण दीडपटीच्या वर जातो.

ॲप जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन षड्जाच्या तारांपैकी, एका तारेपुरतंच वापरा. दुसरी तिच्यात मिसळेपर्यंत, आवाजातली लाट थांबेपर्यंत, तारेतला मणी केसभर सरकवत राहा. मग खर्ज, म्हणजे शेवटची खालच्या सा ची तार. तो नीट लागला की त्यातून शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला. ॲपला तो चुकीचा वाटेल, पण सुरेल तोच. मुलीला रोज तो ऐकू द्या. कानाला यापेक्षा चांगली तालीम मला तरी माहीत नाही.

तानपुरा दुकानात घेऊन या. नव्या तारा आणि जवारी विनामूल्य करून देऊ. यजमानांना तो नको असेल तर लेडीज तानपुऱ्याशी बदलून देऊ, किमतीतला फरक हिशेबात धरून. येताना मुलीलाही आणा, तिचा आवाज ऐकूनच तारांचे नंबर (जाडी) ठरवू.