चौकोन इमोजीचे, खापर युनिकोडवर

सांगली-मिरजेच्या डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्यांच्या, ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. विषय युनिकोडचा, म्हणजे मोबाइलवर आपण टाइप करतो त्या, सगळ्या लिप्यांसाठी एकच असलेल्या अक्षरपद्धतीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘युनिकोडमधलं मॅटर छपाईला घेऊ नका. एक, इमोजीच्या जागी चौकोन येतात. दोन, जस्टिफाय केलं (ओळी दोन्ही कडांना भिडवल्या) की शब्दांमध्ये भोकं पडतात. तीन, इमोजी आली की ओळी वरखाली होतात आणि रंग बिघडतात. उपाय एकच, मॅटर कन्व्हर्टरमधून काढून जुन्या फॉन्टात घ्या.’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग, आणि ती मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर छान दिसतेय.

तक्रारी खोट्या नाहीत. मंडळाचा अहवाल, लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, आजकाल सगळं मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवरूनच येतं आणि ते सेट करताना हे प्रकार होतात. पण सांगितलेला इलाज रोगापेक्षा भयंकर आहे.

चौकोनापासून सुरू करू. मुक्ता घ्या, नोटो सान्स देवनागरी घ्या, मराठी फॉन्टात हसऱ्या चेहऱ्याचं चित्र नसतंच. मोबाइल ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टातून आणतो. पानं लावायचं सॉफ्टवेअर ते स्वतःहून करेलच असं नाही. तेवढी इमोजी सिलेक्ट करून तिला इमोजीचा फॉन्ट द्यायचा, त्याची एक कॅरेक्टर स्टाइल (पुन्हा लावता येणारं अक्षरांचं सेटिंग) करून ठेवायची. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर चौकोन मोजा. एका इमोजीला एकच चौकोन असेल तर फॉन्टात चित्र नाही, एवढाच अर्थ. दोन चौकोन किंवा दोन प्रश्नचिन्हं दिसली तर दुखणं बहुधा सॉफ्टवेअरचं आहे. बहुतेक इमोजी युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे बसतात. विंडोजमधले प्रोग्रॅम अशी एक खूण दोन तुकड्यांत साठवतात, आणि जुना प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा वेगळं अक्षर समजतो. तिथे फॉन्ट बदलत बसू नका, इमोजी चित्र म्हणून टाका. पानं लावायच्या जुन्या पेजमेकरचं तर नावच नको. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ची, त्याला युनिकोड मुळातच कळत नाही.

फॉन्ट देऊनही इमोजी काळी-पांढरी उमटली, किंवा नुसती कोरी जागा राहिली, तर भानगड रंगाची. रंगीत फॉन्टांचे चार प्रकार आहेत: अ‍ॅपलचा, गुगलचा, मायक्रोसॉफ्टचा आणि अडोबी-मोझिलाकडून आलेला एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषांनी काढलेलं चित्र). प्रत्येक सॉफ्टवेअर चारही वाचत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेगो या इमोजी फॉन्टात साधी रेषाकृतीही असते, म्हणून निदान काळं चित्र तरी येतं. गुगलच्या बिटमॅप (ठिपक्यांच्या) फॉन्टात ती नसते, म्हणून तिथे काहीच दिसत नाही. लाटेक, म्हणजे कोड लिहून पानं लावायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या पोरांनाही पीडीएफटेकमध्ये इमोजी मिळत नाही. त्यांनी त्याचाच लुआलाटेक हा प्रकार घ्यावा आणि फॉन्टला हार्फबझ रेंडरर (अक्षरं जुळवणारा भाग) द्यावा, रंगीत इमोजी येते.

आता तो ‘एकच उपाय’ बघा. जुन्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, जागा मोजून दोनशेच्या आसपास. त्यात इमोजीला थारा कुठला? कन्व्हर्टर ती गाळतो नाहीतर प्रश्नचिन्ह ठेवतो. म्हणजे चौकोन गेला, पण इमोजीसकट गेला. शिवाय कन्व्हर्ट करण्याआधी ‘अदृश्य खुणा काढून टाका’ असा सल्लाही काहीजण देतात. त्या खुणांत झीरो विड्थ जॉइनर असतो. आई, बाप आणि पोरं एकत्र धरून कुटुंबाची एकच इमोजी करणारा तोच, आणि काही कीबोर्डांवर ‘साताऱ्याचा’ मधला अर्धा र टिकवणाराही तोच. तो काढला की कुटुंबाची फाटाफूट होते, छपाईत ‘सातार्याचा’ येतं आणि ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ होतं. पत्रिकेवर गावाचंच नाव असं गेलं तर पाहुण्यांच्या आधी गिऱ्हाईक प्रेसवर येतं.

दुसरा मुद्दा भोकांचा. खिळे हातानं जुळवायच्या काळातही मराठी ओळी दोन्ही कडांना भिडायच्याच, तेव्हा देवनागरी जस्टिफाय होत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. भोकं पडतात त्याची कारणं साधी आहेत. पन्नास मिलिमीटरच्या कॉलमात ‘विश्रामबागेतल्या कार्यकर्त्यांनी’ बसवायचंय, ओळीत जेमतेम तीन शब्द, आणि लांब शब्द तोडायची परवानगी नाही. मग उरलेली जागा दोन फटींत जाणारच. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी करा, हायफनेशन (ओळीच्या शेवटी शब्द तोडणं) चालू करा आणि कंपोझर, म्हणजे ओळी जुळवायची पद्धत, वर्ल्ड-रेडी निवडा. भाषा इंग्रजीच राहिली असेल तर मराठी शब्द तोडायचा कुठे, हे त्याला कळणार नाही. वर्ड स्पेसिंग ८०-१००-१३३ (कमीत कमी, हवं ते, जास्तीत जास्त टक्के) हे मूळचेच आकडे ठीक आहेत, लेटर स्पेसिंग मात्र शून्यावरच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि तुटलेली शिरोरेषा भोकापेक्षा वाईट दिसते. एवढं करूनही कॉलम अरुंदच वाटला तर सरळ डावीकडून लावा. कोणी रागवत नाही.

एखादीच ओळ रबरासारखी ताणलेली दिसली तर हिडन कॅरेक्टर्स चालू करा. ओळीच्या शेवटी शिफ्ट-एंटरची खूण सापडेल. परिच्छेद तिथे संपत नाही, म्हणून सॉफ्टवेअर ती ओळ कडेपर्यंत ओढतं. वेबवरून उचललेल्या मजकुरात हे फार. साधा एंटर मारा. वर्डमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये अशा ओळी न ताणण्याचं सेटिंगही आहे. आणि जुन्या फॉन्टात गेल्यानं भोकं बुजत नाहीत. उलट सॉफ्टवेअरला ती इंग्रजी अक्षरं वाटतात, हायफनेशन चालू राहिलं तर वेलांटी एका ओळीत आणि अक्षर दुसऱ्या ओळीत.

ओळी वरखाली होणं हा वर्डचा प्रकार. तिथे सिंगल स्पेसिंग फॉन्टच्या उंचीवर चालतं आणि इमोजीचा फॉन्ट बहुधा उंच असतो. स्पेसिंग ‘एक्झॅक्टली’ करून पॉइंट द्या, संपलं.

रंगाचं मात्र मेसेजवाल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. इमोजी आरजीबीत (पडद्याच्या तीन रंगांत) असते, छपाई सीएमवायकेत (चार शायांत), त्यामुळे पिवळा थोडा मरतो. एकरंगी कामात तर रंगीत इमोजी वापरूच नका, नुसता करडा डाग उमटतो. नोटो इमोजी हा रेषांचा फॉन्ट त्यासाठीच आहे. मोठ्या आकाराचं गणितही मांडून ठेवा. नोटो कलर इमोजीच्या बिटमॅप फॉन्टात एक चित्र १३६ पिक्सेल रुंद असतं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते साधारण साडेअकरा मिलिमीटरपर्यंत स्वच्छ येतं, म्हणजे अहवालाला भरपूर. तेच फ्लेक्सवर दोन फुटांचं केलं तर इंचाला सहा ठिपकेही येत नाहीत. तिथे एसव्हीजी चित्र घ्यावं.