फायनल नोटीस

आमच्या मंडळाचा व्हॉट्सॅप ग्रुप एरवी 'कुणाकडे हापूसची पेटी उरलीये का' एवढ्यापुरता जिवंत असतो, पण जून उजाडला की तो खडबडून जागा होतो, गणपतीत काय बसवायचं म्हणून. शिकागोच्या पश्चिमेला जी उपनगरं पसरलीयेत त्यातल्या एकात आम्ही राहतो. मंडळात दीडेकशे घरं, बहुतेक आयटीतली, उरलेली डॉक्टरांची. गेल्या वर्षी रात्री साडेअकराला मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी टाईप केलं की दरवर्षी काय तेच सासूबाई आणि डिशवॉशरचं स्किट, जरा इथलं काहीतरी करूया ना. सकाळी उठून बघतो तर बत्तीस अंगठे, आणि त्याखाली अध्यक्षीणबाई: "मस्त कल्पना!! मग तुम्हीच लिहा."

पंचवीस मिनिटं, आठ पात्रं, त्यातली तीन कमिटीची मुलं, ज्यांना देवनागरी वाचता येत नाही म्हणून त्यांचे संवाद वेगळे रोमनमध्ये काढून द्यायचे.

इथलं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच घर येतं, रोझॅनचं. मी १९९९ साली इलिनॉयला शिकायला आलो तेव्हा चौघांत एक अपार्टमेंट होतं आणि फुटपाथवरून उचलून आणलेला एक टीव्ही, आणि त्यावर रात्री 'रोझॅन'चे जुने भाग लागायचे. १९८८ ते १९९७ चाललेली ही मालिका, गाव लॅनफर्ड, इलिनॉय. हे गाव मी नकाशात बराच वेळ शोधलं होतं. ते काल्पनिक आहे हे नंतर कळलं, तोवर मी रूममेटला वीकेंडला जाऊन येऊ म्हणून तयार पण केला होता. तर त्या घरात आई रोझॅन प्लॅस्टिकच्या कारखान्यात, बाप डॅन ड्रायवॉलची, म्हणजे घरातल्या जिप्समच्या भिंतींची, कंत्राटं घेणारा, मिळाली तर मिळाली, तीन पोरं, लग्न न झालेली मावशी रोज येऊन बसणार, आणि सोफ्यावर क्रोशाने विणलेली ती रंगीबेरंगी चौकोनांची गोधडी. सुरुवातीच्या टायटलला कॅमेरा किचनच्या टेबलाभोवती गोल फिरतो आणि शेवटी रोझॅन खदाखदा हसते. अमेरिकेत येऊन मला पहिल्यांदा जे ओळखीचं वाटलं ते हे टेबल, कारण त्यावर जेवणाच्या ताटांइतकीच बिलं पडलेली असायची.

आता ह्याचंच आजच्या काळातलं मराठी रूप करायचं असं मी झूम मीटिंगमध्ये सांगितलं. वर हेही सांगितलं की हा प्रयोग मालिकावाल्यांनी स्वतःच करून बघितलाय, २०१८ च्या मार्चमध्ये, तोच सोफा, तीच गोधडी, तीच माणसं, पहिल्या रात्री एक कोटी ऐंशी लाखांच्या वर लोकांनी बघितलं. मूळ मालिकेच्या शेवटी डॅन मेलेला होता, त्याला नव्यात सरळ जिवंत करून टाकला, तोंडावर झोपेतला श्वासाचा मास्क लावून, आणि रोझॅन त्याला हलवून उठवते की अरे मला वाटलं गेलास. एवढं ऐकून खजिनदार म्हणाले, "मग छान चालू असेल आता." म्हटलं नाही, दोन महिन्यांत बंद पडली. रोझॅनचं काम करणाऱ्या रोझॅन बार बाईंनी ओबामांच्या एका माजी सल्लागार बाईंबद्दल वंशद्वेषी ट्वीट केलं, चॅनेलने त्याच दिवशी, २९ मे, मालिका रद्द. मग ऑक्टोबरमध्ये तेच घर 'द कॉनर्स', म्हणजे त्या कुटुंबाच्या आडनावाने, परत उभं राहिलं, त्यात रोझॅनला वेदनाशामक गोळ्यांच्या ओव्हरडोसने मारून टाकलं होतं, आणि ते मात्र २०२५ पर्यंत चाललं. झूमवर शांतता. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "म्हणजे कॉमेडीच ना?"

त्याच सुमारास आण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले. आण्णा लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला जे अडीचेक लाख कामगार घरी बसले त्यातले एक. संप रीतसर मागे घेतलाय असं त्यांना अजूनपर्यंत कुणी कळवलेलं नाही, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते अजून संपावर आहेत असं ते स्वतःच सांगतात. पुढे वॉचमनची नोकरी केली, आई खानावळीला चपात्या लाटून द्यायची. इथे त्यांचा वेळ जाईना, मराठी चॅनेलवरच्या सुना बघून त्यांचं बीपी वाढायचं (घरात शालू नेसून कोण फिरतं रे, आणि ह्यांच्यात कामावर कोणच कसं जात नाय?), म्हणून मी 'रिसर्च' करायला बसलो की तेही शेजारी येऊन बसू लागले.

पहिले दोन दिवस मी मध्येमध्ये थांबवून भाषांतर करत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात वर केला, गप्प बस म्हणून. आण्णांचं इंग्रजी मिलमध्ये झालेलं: डिपार्टमेंट, ओव्हरटाईम, लॉकआऊट, ग्रॅच्युइटी, फायनल नोटीस. आणि ही मालिका समजायला नेमकं तेवढंच इंग्रजी लागतं हे मला वीस-पंचवीस वर्षं ती बघून कधी सुचलं नव्हतं. पहिल्या सीझनच्या शेवटी कारखान्यातला नवा साहेब माल काढायचा कोटा कमी करतो म्हणून शब्द देतो आणि मग फिरवतो, आणि रोझॅन आणि बाकीच्या बायका कार्ड पंच करून बाहेर पडतात, तेव्हा आण्णा सोफ्यावर पुढे सरकून बसले. "युनियन नाय काय ह्यांच्यात?" मग जरा वेळाने, "आता ही पार्लरात नायतर हाटेलात लागंल बघ." पुढे ती खरंच पार्लरात केर काढायला आणि मग वेट्रेस म्हणून लागली तेव्हा बायकोने माझ्याकडे संशयाने बघितलं, मीच आधी सांगून ठेवलं असणार म्हणून.

डॅनचं मोटरसायकलचं दुकान बुडालं त्या काळातल्या एका भागात घरातली लाईट जाते. आमचा चिरंजीव म्हणाला, "स्टॉर्म?" आण्णा म्हणाले, "बिल." बस.

आणि बिलांची ती रीत. ज्याच्यावर फायनल नोटीस लिहिलंय तेवढी भरायची आणि बाकीची फेकून द्यायची, असा हिशोब ह्या टेबलावर चालतो. आण्णांना हे इतकं पटलं की त्यांनी मला रिमोट खाली ठेवायला लावून पूर्ण शास्त्र समजावलं. पहिलं बिल येतं ते फक्त कळवायला. दुसरं येतं ते आठवण करायला. तिसरं लाल अक्षरातलं, ते भरायचं, ते पण शेवटच्या दिवशी साडेतीनला, खिडकी बंद व्हायच्या आधी. "पहिल्याच बिलाला पैसे भरणारा माणूस एकतर घाबरट असतो नायतर लुटारू."

आता माझ्या स्किटमधला मुख्य सीन हाच, नवरा-बायको टेबलावर बिलं मांडून बसलेत. लिहायला घेतला आणि अडकलो. बायकोला विचारलं, आपलं लाईट बिल किती येतं गं? ती म्हणाली, "मला काय माहीत, ऑटोपेवर आहे ना." गॅस? ऑटोपे. पाणी? ते तुझ्या कार्डावर की माझ्या ह्यावरून पंधरा मिनिटं. आण्णा ऐकत होते. आकडा माहीत नसताना पैसे जातात हे त्यांना आमच्या गोमांसाच्या बर्गरपेक्षा जास्त लागलं, उठून बाल्कनीतच गेले. मग मीच लाजेकाजेने ऑटोपेची यादी काढली तर त्यात दोन अँटिव्हायरस, लेकीच्या कॉलेजच्या गावातली एक जिम जिचा पत्ता लेकीलाच माहीत नव्हता, आणि एका ध्यानधारणेच्या ॲपचे वर्षाचे सत्तर डॉलर, मन शांत ठेवायला. लेकीला फोन केला तर ती म्हणते, "बाबा, आजची रोझॅन करायची तर टेबलच नको. ती दिवसा वेट्रेस, रात्री गाडीतून लोकांची पार्सलं टाकणार, सगळे आपापल्या ॲपवर, टेबलाशी एकत्र यायला वेळ कुणाला आहे?" ती सोशिऑलॉजी शिकते, तिच्याशी वाद घालत नाही मी.

पहिला ड्राफ्ट कमिटीला पाठवला. इथून पुढचं सांगताना अजून पोटात गोळा येतो.

पहिला आक्षेप, इतके गरीब दाखवू नका, मेन स्पॉन्सर रिअल्टर आहे, घरं विकणारा एजंट. मी म्हटलं गरीब नाहीयेत, कामकरी आहेत, तर खजिनदार (दोन टेस्ला, तिसरी बुक) म्हणाले, "अहो आपण सगळे मिडलक्लासच की!" ह्यावर झूमवरच्या सोळाच्या सोळा चौकोनांनी मान डोलावली. मग नवरा ड्रायवॉल लावतो हे कुणाला बरं वाटेना. त्याला कॉन्ट्रॅक्टर करा. म्हटलं तो कॉन्ट्रॅक्टरच आहे. मग मोठा कॉन्ट्रॅक्टर करा. २०१८ च्या नव्या मालिकेत इन्शुरन्समध्ये पूर्वीइतकी औषधं बसत नाहीत म्हणून डॅन आणि रोझॅन आपल्या गोळ्या वाटून घेतात, मला वाटतं अख्ख्या पुनरागमनातला सगळ्यात खरा विनोद तो, त्याच्यावरून मी साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा एक प्रवेश लिहिला होता. तो मंडळातल्या डॉक्टरांनी एकमताने कापला, चुकीचा मेसेज जातो. त्या मालिकेत रोझॅन आणि तिची बहीण जॅकी २०१६ च्या निवडणुकीपासून बोलत नाहीयेत, हे घेऊ का विचारलं तर तिघं एकदम अनम्यूट झाले. ट्रंप नाही, बायडन नाही, तिकडचं तर काहीच नाही. शेवटी बहिणींचं भांडण पुरणात गूळ की साखर ह्यावर आणून ठेवलं, तर त्यावरून कमिटीतल्याच दोन बायका आजतागायत एकमेकींच्या स्टोरी बघत नाहीत.

सर्वानुमते पास झालेली गोष्ट एकच: गोधडी. "ती मात्र हवीच, फोटोत छान येईल."

सहाव्या ड्राफ्टपर्यंत नवरा बिल्डर झाला होता, बायकोचं स्वतःचं बुटीक, आणि घरावर संकट काय तर किचनच्या रिमॉडेलिंगला उशीर होतोय. मूळ मालिकेच्या नवव्या सीझनमध्ये ह्या कुटुंबाला १०.८ कोटी डॉलरची लॉटरी लागते आणि मग ते स्पा आणि श्रीमंत लोकांत हिंडत बसतात, तो सीझन लोकांनी इतका नावाजला नाही की शेवटच्या भागात ते सगळं रोझॅनने लिहिलेलं होतं, खरं नव्हतंच, असं सांगून मोकळे झाले. आम्ही मधले आठ सीझन गाळून थेट तिथे पोचलो. आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ह्यांच्यात कामावर कोण जातं?"

शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. स्किट आठला होतं, म्हणजे आरती, प्रायोजकांचे सत्कार, आणि रिअल्टर साहेबांचं 'दोन शब्द' ज्यात व्याजदर पण आले, हे सगळं होऊन पडदा वर गेला तेव्हा सव्वानऊ झाले होते. लोक बरे हसले, म्हणजे मुलं संवाद विसरली तिथे हसले. हॉलच्या मागच्या दाराशी शाळेचा कस्टोडियन उभा होता, साठीचा गोरा माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, मॉपवर हनुवटी टेकवून. शब्द कळत नसून तो शेवटपर्यंत हलला नाही. संपल्यावर सरळ स्टेजवर आला आणि गोधडीला बोट लावून मला विचारलं, "रोझॅन?" मी हो म्हटल्यावर इतका खुलला, म्हणाला आईबरोबर बघायचो, आमच्याकडे पण अशीच होती. मी त्याला आजच्या काळाला रिलेट करण्याबद्दल काहीतरी सांगायला लागलो होतो, तर त्याने घड्याळ दाखवलं. "टेन ओ'क्लॉक. आफ्टर दॅट, ओव्हरटाईम. टाईम अँड अ हाफ."

माझ्या आधी आण्णांना समजलं. "दीडपट," ते म्हणाले, आणि मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

त्यानंतर पैठण्या आणि शेरवान्यांनी तो सोफा ज्या वेगाने दारापर्यंत ओढत नेला तेवढा वेग अख्ख्या स्किटला नव्हता. दारात तो अडकला. दोन हृदयरोगतज्ज्ञ एका बाजूला, एक व्हाईस प्रेसिडेंट दुसऱ्या बाजूला, तिरपा करा, नाही, उलटा तिरपा करा. कस्टोडियन बाजूला हाताची घडी घालून बघत होता, त्याच्या शेजारी आण्णा, दोघंही अजिबात मदत करत नव्हते. सोफा बाहेर पडला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

बिल तीन आठवड्यांनी आलं, माझ्या नावाने, कागदी, पाकिटात, कारण अर्जावर संपर्क म्हणून माझं नाव होतं. खजिनदारांना फोन केला तर म्हणाले स्किटच्या बजेटमध्ये धरा, आणि स्किटचं बजेट म्हणजे गोधडीचे ऐंशी डॉलर, ते आधीच संपलेले. मी लॅपटॉप उघडून भरायलाच बसलो होतो. आण्णांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा वर करून दोन्ही बाजू वाचल्या, आणि फ्रिजवर मॅग्नेटखाली नीट लावला.

"पयलंच हाय," म्हणाले. "ऱ्हाऊ दे."