नमुना नंबर सात

येळवशीच्या आदल्या दिवशी पहाटे आई माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. “ऊठ बाबा,” म्हणाली, “मशीन पाणी देईना गेलंय.”

ज्यांना येळवस ठाऊक नाही, म्हणजे लातूर-धाराशिवची माणसं सोडली तर जवळपास सगळा महाराष्ट्र, त्यांच्यासाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोपी, म्हणजे खोप, करायची, तिच्यात पांडव मांडून पुजायचे, मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, आणि झाडाखाली ताणून द्यायचं. भज्जी म्हणजे भजी नव्हे. हे पुण्याच्या सुनेला पहिल्या वर्षी समजावून सांगावं लागलं होतं. बिचारी चिंचेची चटणी करून बसली होती. तूर, वाल, हरभरा, वाटाणा, असतील नसतील ते दाणे घालून केलेली ती पातळ भाजी. आदला दिवस सगळा तिच्याच तयारीत जातो आणि तयारीला पाणी लागतं.

उठून पाहिलं. मशीन म्हणजे पाणी शुद्ध करणारं, भिंतीवरचं. त्याच्या पोटात सात लिटर पाणी होतं, पारदर्शक प्लॅस्टिकमधून स्वच्छ दिसत होतं, थोडं हलतही होतं. वर लाल दिवा. तोटीखाली तांब्या धरला की आतून ‘टिक्’ असा आवाज यायचा, बस. तोटी हातानं फिरवायची सोय नाही, तिला बटण आहे. नळाला तोटी असते हे या लोकांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

फोनवर संदेश येऊन पडला होता. “अभिनंदन! तुमच्या कुटुंबानं या महिन्याचं २०० लिटर शुद्ध पाणी पूर्ण केलं आहे.” दहावीचा निकाल असावा तसं लिहिलेलं. तात्पर्य, कोटा संपला.

“आई, एवढं पाणी कशाला वापरलं?”

“दाणे भिजू घातले की. बोअरच्या पाण्यात शिजतेत व्हय? मशीन आणलं कशाला मग, पुजायला?”

तिचं बरोबर होतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की तूरडाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा अख्खाच. मशीन आलं तेव्हा आईचा विरोध याच एका मुद्द्यावर मावळला होता.

ते आलं कसं, तीही कथाच. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी गळ्यात पट्टा अडकवलेला एक मुलगा दारात आला. “काका, फक्त दोन मिनिटं.” दोन ग्लास मांडले, एकात आमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र सोडलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या ग्लासात आधी पिवळट, मग विटकरी, मग चक्क शेवाळी गाळ. त्याचा ग्लास जसाच्या तसा. बायको “अगंबाई!” म्हणाली आणि सौदा तिथंच पक्का झाला. मशीन विकत नव्हे, भाड्यानं. मुलगा तेव्हा सुट्टीवर घरी होता, त्यानं त्याच्याच नंबरवर ॲप नोंदवून दिलं.

संध्याकाळी शेजारचे निवृत्त विज्ञानाचे सर आले. मशीनच्या पाण्याचा ग्लास घेतला, त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाले, “आता त्या पोराला बोलवा आणि कांड्या यात बुडवायला सांगा. यातही गाळ येतो की नाही बघा.” शुद्ध पाण्यात क्षार नसतात म्हणून वीज वाहत नाही. बोअरच्या पाण्यात असतात, वीज वाहते आणि लोखंडी कांडी झिजते. जो गाळ दिसला तो कांडीचा गंज! आमच्या पाण्याची क्षारता मीटरवर अकराशे होती. सर म्हणाले, “बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मापानं ५०० पर्यंत उत्तम, दुसरा मार्गच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. तुम्ही मरत नव्हता.” पण तोवर भिंतीला चार भोकं पडली होती.

दर अठ्ठावीस दिवसांनी ३९९ रुपये. अठ्ठावीसच का? महिना तीस दिवसांचा धरला तर वर्षाला बारा हप्ते, अठ्ठावीसचा धरला तर तेरा. मोबाइलवाल्यांनी हे गणित आधीच शोधलं होतं. २०२२ मध्ये ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, त्यांना सांगावं लागलं की निदान एक तरी प्लॅन तीस दिवसांचा ठेवा. पाणीवाल्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर, ॲप उघडलं. वर लाल पट्टीत घड्याळ पळत होतं, “खास ऑफर संपायला ०९:५९.” मी चष्मा शोधायला गेलो, परत आलो तर पुन्हा ०९:५९. त्याखाली मोठं हिरवं बटण, “होय, मला आरोग्य हवं.” आणि त्याच्याही खाली, राखाडी रंगात, सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातल्या अक्षराएवढं, “नको, माझ्या कुटुंबाला अशुद्ध पाणी चालेल.”

अंगठा हवेत थबकला. बाजूला नात झोपली होती.

आरोग्य घेतलं. ५० लिटरचं टॉपअप, ९९ रुपये. पैसे भरायच्या पानावर बेरीज १६४ निघाली. आधीच खूण करून ठेवलेला ‘फिल्टर सुरक्षा कवच’ ४९, कुण्या गरजू बालकाला पाणीदान १०, सुविधा शुल्क ६. सुविधा कसली, हे विचारायची सुविधा नव्हती. खुणा काढायला गेलो तर बोट चुकून “पुढे”वर पडलं. आता ओटीपी, आणि तो जाणार पुण्याला, मुलाच्या फोनवर.

“बाबा, मीटिंगमध्ये आहे.”

“चार आकडे सांग फक्त.”

“कुणालाही ओटीपी सांगू नका, असं लिहिलंय.”

“मी कुणीही आहे का?”

आकडे आले, पैसे गेले. मशीनचा दिवा लालच. ॲप म्हणालं, “मशीन वायफायला जोडा.” वायफाय होतंच. तरीही जोडेना. पुन्हा पुण्याला फोन, तेव्हा कळलं की असली उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात आणि आमचा नवा राउटर ५ वर बोलतो. एकाच घरात राहून एकमेकांची भाषा न कळणं नवीन नाही, पण भांड्यांपर्यंत हे लोण पोचेल असं वाटलं नव्हतं. राउटरची सेटिंग सापडली आणि लाइट गेली.

आई हे सगळं पाटावर बसून बघत होती. तिनं २०१६ चा उन्हाळा पाहिलाय. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. बारा एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली, दहा डबे, पाच लाख लिटर. जवळपास साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पाणी आलं, कुणीही ॲप न उघडता. आई तेव्हा भाजी धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळायची आणि ते पाणी तुळशीला घालायची. ती म्हणाली, “तवा पाणी नव्हतं म्हून मिळत नव्हतं. आता डोळ्यापुढं हाय आन्‌ ह्ये मेलं देईना. लाव हातोडा.”

हातोड्याआधी ग्राहक सेवा. “मराठीसाठी ३ दाबा.” दाबलं. हिंदी सुरू झाली. चॅटवर एक यंत्रबाई होती. “तुम्हाला होणारा त्रास मी समजू शकते.” मी लिहिलं, पाणी येत नाही. “छान! पाणी हे जीवन आहे. मी आणखी काही मदत करू का?”

शेवटी मशीनच्या कडेला चिकटवलेल्या स्टिकरवरचा स्थानिक मेकॅनिकचा नंबर लावला. पोरगा भला. “काका, मी निलंग्याला आलाव गावाकडं, उद्या येळवस हाय की. आन्‌ माझ्या हातात काय न्हाई त्यात. पाण्याचा व्हॉल्व वरून बंद असतोय.”

“वरून म्हणजे?”

“सर्व्हरवरून.”

“सर्व्हर कुठाय?”

“ते आम्हाला बी सांगत न्हाईत.”

हे ऐकलं आणि मी खाली बसलो.

आता एक कबुली द्यायला हवी. मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं लोकांचं पाणी सोडलं आणि बंद केलं. कालव्याचं पाणी हवं तर शेतकऱ्यानं नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा, मागची थकबाकी फेडायची, मग पाण्याची पाळी. थकबाकी असली की मी म्हणायचो, “माझ्या हातात काही नाही, वरून आदेश आहे.” तो माणूस चौकीवर येऊन आधी हात जोडायचा, मग शिव्या द्यायचा, मग तंबाखू मळून पुढं करायचा. कधी मी नियमात बसवून द्यायचो, कधी शिव्या खाऊन गप्प बसायचो. पण शिव्या द्यायला मी जागेवर असायचो तरी. या मशीनपुढं मी अर्धा तास उभा होतो. तंबाखू कुणाला देणार?

दाणे बोअरच्याच पाण्यात शिजवले. आईनं चिमूटभर सोडा टाकला, वर मला टाकून बोलली.

दुसऱ्या दिवशी लातूर नेहमीप्रमाणं ओस पडलं, गंजगोलाईच्या बाजारात कुत्रंसुद्धा नव्हतं. आम्ही शेतावर. कोपीपुढं पंगत बसली, शेजारच्या रानातले आबा आंबिलीचा तांब्या घेऊन आले. हे आबा म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. एका रब्बीत तीनशे रुपयांच्या थकबाकीपायी त्यांची पाळी मी अडवली होती. त्यांचा हरभरा वाळला. ते विसरले असतील असं मला वाटत होतं.

बायकोनं मशीनची सगळी कथा सांगितली, अभिनय करून. आबांनी शांतपणे ऐकली. तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या.

“सायेब, नमुना सात भरला का?”

कोपीभर हसू झालं. बायको हसली, नात काही न कळता हसली, आई तर डोळ्यांना पदर लावून. मी दुसऱ्यांदा भज्जी मागितली. दाणे जरा कडकच होते.

रात्री मुलाचा फोन आला. त्यालाही वाईट वाटलं असावं. म्हणाला, “बाबा, याला डार्क पॅटर्न म्हणतात. सरकारनं बंदी घातलीय.” सरकारी कागद म्हटलं की मला अजून झोप लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची अधिसूचना शोधून काढली आणि चष्मा लावून कलमवार वाचली. तेरा प्रकार दिलेत. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं… मी पेन्सिलनं खुणा करत गेलो. एका सकाळीत तेरापैकी पाच. आमच्या खात्यात एवढ्या वेळात एक फाइल टेबलावरून टेबलावर जात नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नोंदणी क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाला की अर्धं समाधान होतं, हे माझ्यासारख्यालाच कळेल. मग मुलाला बँकेच्या यूपीआयमधला ऑटोपे रद्द करायला लावला. चार टिचक्यांत झालं. आणि तिथं कुणी विचारलं नाही की माझं कुटुंबावर प्रेम आहे की नाही.

राहिलं मशीन. काढून न्या म्हटलं तर उत्तर आलं: मशीन काढण्याची विनंती ॲपमधूनच स्वीकारली जाईल. ॲप म्हणतं, मशीन ऑफलाइन आहे, विनंतीसाठी आधी ऑनलाइन आणा. ऑनलाइन आणायला चालू प्लॅन लागतो. तेवढ्यात अनामत रकमेतून भाडं वळतं करत असल्याची थकबाकीची नोटीस आली. भाषा अदबीची होती. आमच्या नोटिशीत एवढी अदब नव्हती, हे मान्य करतो.

दोन दिवस विचार केला. मग माळ्यावरून टाइपरायटर काढला. फीत वाळली होती, ती तेल लावून चालती केली. आणि कंपनीला रजिस्टर पोस्टानं उत्तर पाठवलं:

“विषय: आपले मालकीचे यंत्र परत नेणेबाबत. संदर्भ: आपली नोटीस. उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपले यंत्र परत नेण्याकरिता आपला रीतसर अर्ज या कार्यालयास अद्याप अप्राप्त आहे. तरी विहित नमुन्यात तीन प्रतींत अर्ज करावा. सोबत अनामत रक्कम पूर्ण परत केल्याचा दाखला, भिंतीची चार भोके बुजविल्याचे हमीपत्र व रुपये १६४ चा भरणा जोडावा. त्रुटी आढळल्यास अर्ज विनाकार्यवाही परत करण्यात येईल. स्वाक्षरी करणारे अधिकारी मंगळवार व शुक्रवारी दुपारी ३ ते ४ या वेळेत, शेतावर नसल्यास, भेटतील.”

खाली सही केली आणि सवयीनं जावक क्रमांकही टाकला.