काळोख जरा जास्तच आहे, नाही?

शेजारधर्म म्हणजे वाटीभर साखर आणि लग्नकार्यात दोन जास्तीच्या गाद्या, एवढंच मी पेणहून शिकून आलो होतो. नोकरी इस्रायलमध्ये रेहोवोतला, पण तिथली भाडी परवडेनात म्हणून शेजारच्या रामल्यात घर घेतलं. समोरच्या दारात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, काका-काकू निघाले, मूळचे अलिबागचे. इथे आठव्या मजल्यावर 'जेवलास का रे?' असं कानावर पडल्यावर माणूस सावध कशाला राहील? शुक्रवारी सूर्य मावळला की या घरात माझी नेमणूक झालेली असते, हे मला कोणीच सांगितलं नाही. सांगायची परवानगीच नसते, सगळा घोळ तिथे आहे.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, काम करायचं नाही, हे मलाही माहीत होतं. पण काम म्हणजे काय, याची यादी आहे आणि ती मिश्ना या त्यांच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात 'चाळीसला एक कमी' अशी दिली आहे. सरळ एकोणचाळीस म्हटलं असतं तर ते पंडित कसले! पेरणं, कापणं, दळणं, मळणं, भाजणं, दोन अक्षरं लिहिणं, पुन्हा दोन लिहिता यावीत म्हणून खोडणं, आग पेटवणं, विझवणं. काका म्हणतात, रानात भटकताना देवासाठी निवासमंडप उभारला, त्याला जी कामं लागली तीच ही. देवाचं घर बांधायचं कामसुद्धा त्या दिवशी थांबलं, तर तुझा रिसर्च पेपर कोण लागून गेला?

विजेचं बटण दाबणं म्हणजे आग पेटवणं की सर्किट जुळवून बांधकाम करणं, यावर धर्मपंडितांत वाद आहेत. बटणाला हात लावायचा नाही, यावर नाहीत. त्यामुळे शुक्रवारी दुपारी काकूंची लगीनघाई असते. फ्रिजमधला बल्ब काढून ठेवायचा, नाहीतर दार उघडताच तो पेटणार. टॉयलेट पेपर आधीच फाडून त्याची चळत रचायची, कारण फाडणंही यादीत आहे. जेवण प्लाटावर, म्हणजे विजेच्या तव्यावर, आधीपासून गरम राहील असं मांडायचं. दिव्यांना टायमर लावायचे. एवढं सगळं करून सूर्यास्ताआधी अठरा मिनिटं काकू मेणबत्त्या लावतात, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हणतात, आणि त्या क्षणापासून त्यांच्या चेहऱ्यावर जी निवांती पसरते ती मी रिटायर झालेल्या कलेक्टरच्या चेहऱ्यावरही पाहिलेली नाही.

निवडणं हेही एक काम. तांदळातले खडे शनिवारी वेचायचे नाहीत. चांगल्यातून वाईट काढायचं नाही, वाईटातून चांगलं उचलून लगेच खाल्लं तर चालतं. शुक्रवारी रात्री नारळाच्या दुधातलं बोयीचं कालवण असतं (इथे तिला बुरी म्हणतात), तेव्हा काका काट्यांतून मासा उचलतात, माशातून काटे काढत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला फरक शून्य. पण हा नियम माझ्या नातेवाइकांना लागू झाला, तर आमची निम्मी लग्नं सुरळीत पार पडतील.

त्या शुक्रवारी मनुकांच्या शरबतावर किद्दूश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची प्रार्थना, झाला, जेवणं झाली आणि मी माझ्या घरी परतलो. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. बेल वाजवायची नाही, अर्थातच. टायमर चुकला होता आणि त्यांचा दिवाणखाना अंधारात बुडाला होता.

"काळोख जरा जास्तच आहे, नाही?" काकू म्हणाल्या.

"हो ना, अमावास्या जवळ आली असेल," मी म्हणालो.

काकू थांबल्या. आतून काकांचा आवाज आला, "आमच्या आईच्या वेळी पाहुणा आला की घरात कसा लख्ख उजेड असायचा."

"अलिबागला लोडशेडिंग नव्हतं वाटतं तेव्हा?"

"तुला रात्री वाचायची सवय आहे ना रे?" काकूंनी मुद्द्याच्या इतक्या जवळून फेरी मारली की मलाच वारा लागला.

मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'दिवा लाव' असं परक्याला, म्हणजे ज्यू नसलेल्याला, थेट सांगायचं नाही. पण परक्याने स्वतःसाठी दिवा लावला, तर त्या उजेडात बसायला मिश्नाची हरकत नाही. मी आत गेलो, बटण दाबलं आणि निघणार, इतक्यात काका म्हणाले, "खरंच वाचायचं हं. नुसता दिवा लावून निघून गेलास तर तो आमच्यासाठी लावल्यासारखा होईल." म्हणून मी तिथे बसून इथून निघणाऱ्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचा जुना अंक संपादकीयापासून श्रद्धांजलीपर्यंत वाचून काढला. काका-काकू शेजारी निवांत. घोरत नव्हते एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार मांडली. मी त्यांचंच शास्त्र वाचून गेलो होतो. दहा आज्ञांमध्ये शब्बाथला तू, तुझी मुलं, तुझे दास, तुझी गुरं आणि तुझ्या वेशीच्या आतला उपरा, कोणीच काम करू नये असं लिहिलंय. मग मी कोण? वेशीच्या आत आहे, आठव्या मजल्यावर आहे आणि उपरा तर भाडेकरारानेच सिद्ध आहे.

काका खूश झाले. भांडणारा शिष्य मिळाला की यांना पुरणपोळी मिळाल्यासारखं होतं. उपरा नेमका कोण यावरही रब्बी भांडलेत, असं म्हणून त्यांनी आधी मला नामोहरम केलं आणि मग समजावलं. या आज्ञेला दोन धर्मग्रंथांत दोन कारणं दिली आहेत. 'निर्गम'मध्ये, देवाने सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. 'अनुवाद'मध्ये, तू मिसरात गुलाम होतास हे आठव म्हणून. गुलामाला सगळं मिळू शकतं, सुट्टी मिळत नाही. "म्हणून तर तुला हुकूम करायचा नाही. माझी विश्रांती तुझ्या पाठीवर टाकली, तर मी मिसरचा राजा फारोच झालो की."

"आणि सुचवायचं?"

"सुचवल्यावर तू नाही म्हणू शकतोस. काल अमावास्या सांगितलीसच की."

मग ते कोकणावर आले. तिकडे बेने इस्रायलींना शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचे घाणे शनिवारी बंद. "पणजोबांचा बैलसुद्धा त्या दिवशी दावणीला उभा राहून चघळत असायचा. कायदाच होता त्याच्यासाठी." घाण्याचा बैल ही शिवी मी आयुष्यभर बॉससाठी राखून ठेवली होती, त्या बैलाला आठवड्याची पगारी रजा होती, हे कळल्यावर मला हेवाच वाटला. कारण नेमका तेव्हा माझा फोन थरथरला. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, पण पुण्यातले सहकारी शनिवारीही 'जस्ट अ क्विक कॉल' म्हणतात आणि रविवारी इथलं ऑफिस उघडतं. काकांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "काही सुचवत नाही मी."

संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले. शरबत, लवंगेचा वास, पिळाच्या मेणबत्तीवर धरलेली नखं, असा शब्बाथला निरोप देणारा हव्दालाचा विधी आटोपला. सगळे एकमेकांना "शावूआ तोव", म्हणजे 'आठवडा चांगला जावो', म्हणाले आणि काकूंना वाचा फुटली, म्हणजे आज्ञार्थ परत आला.

"ऊठ. फ्रिजचा बल्ब बसव. तो टायमर नीट लाव, तुमचे काका लावतात आणि घोळ होतो. आणि खाली जाऊन कढीपत्ता घेऊन ये. जिन्यानेच जा, ती शब्बाथची लिफ्ट अजून प्रत्येक मजल्यावर दार उघडत बसली असेल!"