गुडघा दुखला की एक तर सहन करा, नाहीतर थेट बदला... मधलं कुणी सांगतच नाही

आपल्याकडं गुडघा दुखायला लागला की दोनच गोष्टी कानावर येतात. आधी कैक वर्षं "वय झालं, दुखणारच, सहन करायचं", आणि मग एके दिवशी एकदम "गॅप राहिला नाही, वाटी बदलावी लागतीय." या दोन्हीच्या मधी जे करायचं असतंय, ज्यानं कितीतरी जणांचं चालणं-फिरणं वर्षानुवर्षं नीट राहू शकतं, ते कुणी समजावून सांगत नाही, सांगितलं तर कुणी नेमानं करत नाही, आणि मग त्या मधल्या काळात गोळ्या, पावडरी, तेलं अन् इंजेक्शनं विकणाऱ्यांचं फावतंय. पोस्ट लांब होणार आहे, पण घरात पन्नाशीच्या पुढचं माणूस असंल तर पूर्ण वाचा.

मी सेलूत मेडिकल चालवतो, परभणी जिल्हा. डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला आहे. आमच्या दुकानाला एकच पायरी आहे पण उंच आहे, आणि बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया येतात तेव्हा ती पायरी चढतानाच मला कळतं. एक हात शटरच्या कडेला, दुसरा स्वतःच्या मांडीवर, वर आलं की जरा वेळ नुसतं उभं राहायचं. मग पदराची गाठ सोडून चुरगळलेली रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवायची, "हीच द्या भाऊ, हिनंच आराम पडतोय." चिठ्ठी नसते. कुणी लिहून दिली होती विचारलं तर जाऊबाईला दिली होती म्हणतात. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, मग नाराज होऊन जातात, त्याचं वाईट वाटतं कारण दुखणं खरं असतंय, खोटं काहीच नसतं त्यात.

आता दुखतं कशानं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तिथं दोन्हीच्या टोकाला गुळगुळीत कूर्चा असते, मधी दोन गाद्या, समोर वाटी. या कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती एकदा झिजली की कातडीवरच्या जखमेसारखी भरून येत नाही. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या गुडघेदुखीचं सगळ्यात मोठं कारण हेच, झीज, डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात. बायांमधी जास्त, त्यातही पाळी गेल्यानंतर जास्त. वजन, घराण्यातनं आलेली ठेवण, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असणं, तरुणपणी झालेली इजा, ही सगळी कारणं त्यात असतात.

पण आमच्या भागात अजून एक कारण आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही. काम. उकिडवं बसून दिवसभर खुरपणी, घरी आलं की जमिनीवर बसून भाकरी थापणं, धुणं उकिडवं, भांडी उकिडवं, संडासला उकिडवं. गुडघा पूर्ण दुमडला की त्याच्यावर अंगाच्या वजनाच्या कैक पट दाब येतो, आणि हे वर्षानुवर्षं रोज. बीड, परभणी, जालन्याकडच्या ऊसतोडीवर जाणाऱ्या बायांचं तर विचारू नका, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरनं चढायचं, एका सीझनमधी किती वेळा चढतात ते त्यांनाच माहीत. त्यात बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, 2019 ला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशय पण काढले असतील तर त्या बाईला तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं, हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. अशा बाईला "वय झालं" म्हणणं मला तरी सहन होत नाही.

आता महत्त्वाचं. प्रत्येक गुडघेदुखी म्हणजे झीज नाही. सकाळी उठल्यावर तासभर सांधे आखडलेले राहतात, बोटं-मनगटं पण दोन्हीकडची सुजतात, तर तो आमवात असू शकतो, त्याची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि ती लवकर चालू केली तर सांधे वाचतात. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर सांधे महिनोन् महिने दुखू शकतात. युरिक अॅसिड वाढलं तर अचानक एखादा सांधा लालबुंद होऊन ठणकतो. कबड्डी खेळणाऱ्या पोराचा गुडघा वळला, 'कट' असा आवाज आला आणि तासाभरात फुगला तर लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, गेलं असणार, तिथं चोळणाऱ्याकडं नेऊ नका. कधी कधी दुखणं खुब्यात असतं आणि कळा गुडघ्यात येतात, गुडघ्याचा एक्स-रे काढून काहीच सापडत नाही. आणि ताप असताना एक गुडघा गरम, लाल, हलवता येईना असा झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आत पू झालेला असू शकतो, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

एक गोष्ट खास आपल्याकडची. नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त सापडतं, बीडमधी पण काही गावांत आहे. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, अन् प्रमाण बरंच जास्त असलं तर पुढं हाडं-सांधे आखडतात, मान-कंबर वाकत नाही, लहान लेकरांचे पाय वाकडे होतात. गावातल्या बऱ्याच जणांचे सांधे तरुणपणीच दुखायला लागले असतील तर आधी पाणी तपासून घ्या, गोळ्यांनी ते थांबणार नाही.

एक्स-रेबद्दल पण सांगतो. लोक मोठ्या पिशवीतनं एक्स-रे आणून मला दाखवतात, "बघा ना, गॅपच नाही राहिला." पण एक्स-रे आणि दुखणं यांचं गणित जुळतंच असं नाही. एक्स-रेत भरपूर झीज असून माणूस पंढरीची वारी करून येतो आणि एक्स-रे बराच चांगला असून एखादीला जिना चढवत नाही. म्हणून नुसत्या फोटोवर ऑपरेशन ठरवू नका, चालणं किती अडलंय त्यावर ठरवा.

मग मधलं ते काय? मांडीचे स्नायू. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत असला तर पाऊल टाकताना जो दणका बसतो त्यातला बराच तो झेलतो. दुखतंय म्हणून माणूस चालणं बंद करतो, स्नायू सुकतो, मग सगळा भार सांध्यावर येतो आणि अजून दुखतं, असं ते चक्र आहे. व्यायाम लई साधे आहेत. खाटेवर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्यानं ती खाली दाबा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा. मग खुर्चीवर बसून पाय सरळ करा, तसाच धरा, हळू खाली आणा. जमायला लागलं की हाताचा आधार न घेता खुर्चीवरनं उठणं-बसणं. सुरुवातीला थोडं दुखेल, तेवढ्यानं झीज वाढत नाही, पण गुडघा सुजला किंवा रात्रभर ठणकला तर कमी करा अन् विचारा. फरक पडायला दीड-दोन महिने तरी लागतात आणि लोक आठवड्यात सोडून देतात, खरी अडचण तिथंच आहे. गोळीनं तासाभरात बरं वाटतं, व्यायामाला दोन महिने. पण जगातल्या सगळ्या मोठ्या गाईडलाईन्समधी गुडघ्याच्या झिजेवर पहिला इलाज म्हणून व्यायाम आणि वजन हेच लिहिलेलं आहे, गोळी नंतर.

वजनाचं गणित ऐका. जाड असलेल्या वयस्कर माणसांचं चालणं मोजून बघितलं तेव्हा असं दिसलं की एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं उतरतो. पाच किलो उतरवलं तर दिवसभराच्या हजारो पावलांना वीस-वीस किलो कमी! यासारखं औषध माझ्या दुकानात एकही नाही.

काठी लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. काठी दुखत नाही त्या हातात धरायची, म्हणजे उजवा गुडघा दुखतो तर डाव्या हातात. आणि पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. माहूरला, तुळजापूरला जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवा, उतरतानाच जास्त त्रास होतो.

आता माझ्या धंद्यातल्या गोष्टी. लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल गोळीपेक्षा बरं, रक्तात फार कमी जातं. पेनकिलर गोळ्या वाईट नाहीत, पण डॉक्टरनं सांगितल्या तेवढेच दिवस. बीपीच्या गोळ्या चालू असणारी म्हातारी माणसं वर महिनोन् महिने पेनकिलर खातात, त्यात मे महिन्यात 42-43 डिग्रीत रानात काम, पाणी प्यायला वेळ नाही, अशानं किडनीवर काय होतं ते डायलिसिसच्या रांगेत बसलेल्यांना विचारा. कोलॅजन, ग्लुकोसामाईनच्या पुड्या महाग असतात आणि नीट घेतलेल्या चाचण्यांत त्यांचा म्हणावा असा उपयोग दिसलेला नाही. माझ्याकडं विकायला आहेत तरी सांगतो, त्या पैशात दूध, अंडी, डाळ खा.

आणि ती जत्रेत, बाजारात मिळणारी "जडीबुटीची" पावडर. दोन दिवसांत गुडघा एकदम मोकळा झाला तर आनंद मानू नका, शंका घ्या. अशा पावडरींत स्टेरॉईड मिसळलेलं कितीदा सापडलंय. तोंड गोल सुजतं, शुगर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर जिवावर पण बेततं. आमच्याच ओळखीतल्या एका मावशीचं तोंड असं सुजलेलं मी बघितलं, घरचे म्हणायचे तब्येत सुधारली. घेत असाल तर पुडी घेऊन डॉक्टरकडं जा, मनानं तोडू नका.

इंजेक्शनांचं. सांध्यातलं स्टेरॉईड फार सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं, एखाद्या वेळेस ठीक आहे. पण 2017 ला अमेरिकेतला एक अभ्यास आला, दर तीन महिन्यांनी दोन वर्षं हे इंजेक्शन दिलं त्यांची कूर्चा नुसत्या सलाईनचं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली, दुखणं मात्र सारखंच राहिलं. रक्त काढून फिरवून परत टोचतात त्या पीआरपीची ऑस्ट्रेलियात चाचणी झाली, 2021 ला निकाल आला, वर्षभरानंतर सलाईनपेक्षा वेगळा फरक नाही. दुर्बिणीनं आतलं "साफ" करायचं ऑपरेशन तर 2002 लाच तपासलं गेलं, काही जणांना खोटं ऑपरेशन केलं, नुसती कातडी कापून टाके घातले, आणि दोन्हीकडच्यांना सारखंच बरं वाटलं. झिजेसाठी कुणी हे सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला पण विचारा, हजारो रुपयांचा प्रश्न असतो. अपघातात काही तुटलंय, गुडघा अडकून बसतोय, त्यांची गोष्ट वेगळी.

हे सगळं मनापासून सहा महिने करूनही रात्री झोप येत नाही, घरातल्या घरात चालवत नाही, तर मग ऑपरेशनला भिऊ नका. वाजपेयींचे दोन्ही गुडघे 2000 आणि 2001 ला मुंबईत बदलले होते, तेव्हा ते पंतप्रधान होते आणि नंतर पण कामच करत होते. बदललेले गुडघे साधारण शंभरातले ऐंशी पंचवीस वर्षं टिकतात असं मोठ्या नोंदींवरनं दिसलंय. वय कमी आणि पाय वाकडा असेल तर हाड कापून पाय सरळ करायचं ऑपरेशन असतं, झीज एकाच बाजूला असेल तर अर्धा गुडघा बदलता येतो, हे पर्याय आहेत का ते विचारा. आणि हेही ऐकून जा की पाचातला एखादा माणूस ऑपरेशननंतर पूर्ण खूश नसतो, मांडी घालून बसणं बहुतेकांना जमत नाही, आणि नंतरचा व्यायाम टाळला तर गुडघा आखडतो.

पैशाचं बोला. ऑगस्ट 2017 ला केंद्रानं इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची 54,720 रुपये अधिक जीएसटी, आधी हाच दीड लाखाच्या वर जायचा. पुढं आकडे थोडेफार बदललेत, पण बिलात इम्प्लांट वेगळा दाखवायला सांगा आणि त्याचं स्टिकर मागून घ्या, तुमचा हक्क आहे तो. रान गहाण टाकायच्या आधी संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईला, लातूरला, नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेजच्या हाडांच्या विभागात जाऊन या. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि घरात पोरांनी, नवऱ्यांनी करायचं. चुलीला, गॅसला ओटा बांधा, आईला उभं राहून नाहीतर स्टुलावर बसून स्वयंपाक करता येऊ द्या. बाथरूमचं काम काढलंच आहे तर एक कमोड बसवा, नाहीतर मधी भोक असलेली खुर्ची आणा, महाग नसते. रानात जिथं चालतं तिथं सायकल कोळपं वापरा, उभ्यानं तण निघतं. सुनेचा गुडघा अजून दुखत नाही म्हणून थांबू नका, वीस वर्षांनी तिचा नंबर लागणारच आहे.

माझं एक म्हणणं आहे. व्यायाम शिकवणारं माणूस तालुक्याच्या गावात सहज भेटत नाही, आणि कागदावरची चित्रं बघून साठ वर्षांची बाई व्यायाम करणार नाही, तिला हात लावून, करून दाखवावं लागतं. परभणी-सेलू-जिंतूरकडचा कुणी फिजिओ आठवड्यातनं एकदा यायला तयार असेल तर दुकानामागची खोली मी मोकळी करून देतो, खाट आहे, पंखा आहे, खुर्च्या आणतो, भाडं नको. बाजाराचा दिवस धरला तर खेड्यातल्या बायांना वेगळी चक्कर पडणार नाही. ओळखीत कुणी असेल तर त्यांना टॅग करा, नाहीतर मला मेसेज टाका.