मिशी गेली, बाबा आहेत

आमचे बाबा ठणठणीत आहेत, हे आधीच सांगून टाकतो. वय ८१, ऐकायला थोडं कमी येतं, बाकी काही नाही. रोज सकाळी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या कॉलनीला चार चकरा मारतात आणि येताना दूधवाल्याशी भांडून येतात. हे एवढं स्पष्ट लिहायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमध्ये आणि अंबडच्या अर्ध्या शॉपफ्लोअरवर ते गेल्याची बातमी होती, आणि त्याला जबाबदार मी. म्हणजे मी नाही, माझा ट्रिमर.

झालं असं की सोमवारी कंपनीत कस्टमरचं ऑडिट होतं. मी क्वालिटीला आहे, त्यामुळे कस्टमर आला की सगळ्यात आधी माझं तोंड बघतो, म्हणून म्हटलं जरा माणसासारखं दिसावं. रविवारी सलूनला गेलो तर माझ्या आधी नऊ जण, त्यातले दोघं फेशियलवाले, आणि फेशियलवाला एकदा खुर्चीत आडवा झाला की तो उठेपर्यंत आपली दाढी अजून वाढते. परत आलो. सोमवारी सलून बंद. मग घरीच करायचं ठरवलं.

बाबा म्हणाले, "सोमवारची दाढी करतं का कोणी?" ते स्वतः सोमवार, शनिवार आणि अमावस्या सोडून रोज करतात. त्यांचं सामान एका जुन्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतं. ब्रश, ज्याचे केस आता बाबांच्या केसांएवढेच उरलेत, स्टीलची वाटी, तुरटीचा खडा, आणि तो जाडजूड धातूचा रेझर. जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाला १९०४ साली ज्याचं पेटंट मिळालं त्याच जातीचा, वर टोपी, खाली पट्टी, मध्ये दुधारी ब्लेड. मी त्याला कायम हसत आलो. आता कळतंय की त्यात ब्लेड आणि गार्ड एकाच दांड्याने आवळलेले असतात, गार्ड निघाला तर ब्लेडही निघतं, म्हणजे चूक करायची ठरवली तरी करता येत नाही. आमच्या कंपनीत याला पोका-योके म्हणतात आणि त्यावर दर सहा महिन्यांनी ट्रेनिंग असतं. ट्रेनिंग मीच देतो.

माझा ट्रिमर ऑनलाइन घेतलेला. त्याचे कंगवे नुसते वरून दाबून बसवायचे. ३ मिलिमीटरचा लावला, आरशासमोर तोंड वाकडं केलं, नाकाखाली डावीकडून सुरू केलं, आणि मध्येच टक् असा आवाज आला. आवाज कशाचा हे बघायला मी खाली वाकलो, हात मात्र चालूच होता. बेसिनमध्ये कंगवा पडलेला होता आणि त्याच्या शेजारी माझी डावी मिशी.

बावीस वर्षांची मिशी होती हो. लग्नाच्या अल्बमात आहे, लायसन्सवर आहे.

आता शहाण्या माणसाने तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण क्वालिटीवाल्याला एक बाजू कमी एक बाजू जास्त दिसली की राहवत नाही. उजवीकडून थोडी घेतली. ती जास्त गेली. मग परत डावीकडून. शॉपफ्लोअरवर मी पोरांना रोज ओरडतो की मटेरियल काढता येतं, परत चिकटवता येत नाही, पहिला कट जपून मारा. इथे पाचव्या कटला नाकाखाली मधोमध बोटभर रुंद पट्टी उरली आणि ती बघून मी हादरलो, कारण तसली मिशी ठेवणारा माणूस जगात एकच फेमस झालाय आणि आमचा कस्टमर जर्मन आहे. ती पण काढली. सगळी साफ.

वरून बाबांचं आफ्टरशेव्ह लावलं. किंचाळलो तसं बायको धावत आली. ते का झोंबतं तेही पोरीने नंतर सांगितलं, ती फार्मसीला आहे. आपल्या कातडीत गरम ओळखणारी एक यंत्रणा असते, ती साधारण ४२ अंशांच्या पुढे भाजलं म्हणून बोंबलते, आणि अल्कोहोल लागलं की ती ३४ च्या आसपासच बोंबलायला लागते, म्हणजे आपल्या अंगाची नेहमीची उब पण तिला चटका वाटते. बायकोने मात्र कसलीही शास्त्रीय माहिती दिली नाही. तिने नुसतं बघितलं, तोंडाला पदर लावला, किचनमध्ये गेली आणि तिथून बराच वेळ भांडी आपटल्यासारखा आवाज येत होता. हसण्याचा होता.

लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अगं बाई. कधी झालं हे?"

मला काय वाटणार, मिशीचंच विचारतायत. म्हटलं, "आत्ताच, पावणेआठला."

"असं अचानक?"

"हो ना. आधी डावी बाजू गेली. मग उजवी पण राहिली नाही."

"अरे देवा. त्रास फार झाला का?"

"छे हो, दोन मिनिटांत आटोपलं. थांबवायचा खूप प्रयत्न केला, पण माझ्याच हाताने झालं."

यावर काकूंनी भिंतीचा आधार घेतला. मला तेव्हा कौतुक वाटलं की शेजारीपाजारी एवढा जीव लावतात माणसाच्या मिशीला.

कंपनीत गेटवर सिक्युरिटीवाल्याने रोजचा सॅल्यूट न करता हात जोडले. प्रॉडक्शनचा मॅनेजर, जो एरवी रिजेक्शनवरून माझ्या अंगावर येतो, तो खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "अरे, आज कशाला आलास? आम्ही सांभाळलं असतं." आणि एचआरवाली मुलगी विचारायला आली की तेरा दिवसांची रजा टाकू का, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. खोटं कशाला बोलू, तेरा दिवस ऐकून अर्धा मिनिट मी गप्प बसलो होतो.

एवढ्यात घरून फोन. बाबा.

"मी गेलोय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तिसऱ्या मजल्यावरची. पिठलं-भाताचा डबा घेऊन आली होती. दार मीच उघडलं."

"मग?"

"मग काय, किंचाळली आणि डबा माझ्या हातात देऊन खाली पळाली. पिठलं चांगलंय. लसूण जरा कमीय." मग थोडं थांबून म्हणाले, "तू माझ्या आधीच करून मोकळा झालास, आता ऐनवेळी काय काढणार आहेस?"

ऑडिट बरं झालं. जर्मन माणसाला काही कळलं नाही, त्याला मी सगळ्यात व्यवस्थित वाटलो.

मंगळवारी डिपार्टमेंटच्या पोरांनी मिसळ खायला नेलं, म्हणजे सांत्वनाचीच होती पण आता ऑर्डर दिलीये तर खाऊ असं ठरलं. मिशी असताना रस्सा कधी ओठाच्या वर पोचायचाच नाही, मिशीवर थांबायचा, रुमालाने टिपला की झालं. आता काळ्या मसाल्याची तर्री थेट कालच्या छिललेल्या कातडीवर. पोरगी म्हणते मिरचीही त्याच यंत्रणेला चिमटा काढते जिला आफ्टरशेव्हमधलं अल्कोहोल काढतं, त्यामुळे रडणं साहजिक आहे. पण मी डोळे पुसत होतो आणि समोरच्या टेबलावरचा एक ओळखीचा माणूस लांबून मान हलवत होता, त्याला हे कसं समजावणार?

सगळ्यात कहर झाला बुधवारी. पंचवटीत मालेगाव स्टँडजवळ काम होतं, गाडी लावायला जागा मिळेना, तर फिरत फिरत गोदाघाटावर गेलो. आता बाकी कुठल्या गावात बिनमिशीचा माणूस म्हणजे नुसता बिनमिशीचा माणूस. पण नाशकात रामकुंडाच्या आसपास, ताजी मिशी उतरवलेला, उन्हात डोळे बारीक करून गंगेकडे बघणारा माणूस म्हणजे दशक्रियेलाच आलेला. कुठून कुठून लोक इथे अस्थी घेऊन येतात. गाडी लावतोय तोवर एकाने विचारलं, "बाकीची मंडळी मागून येतायत का?" फुलांच्या द्रोणवाली बाई मागे लागली. आणि एक गुरुजी, अगदी सज्जन माणूस, शांतपणे जवळ आले.

"गाव कोणतं आपलं?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव? म्हणजे वही काढायला बरं."

आडनाव सांगितलं. गोत्रही सांगितलं. मोठ्या माणसाने विचारलं तर सांगावं, असं वळण आहे आमच्याकडे.

"बरं. वडील की आई?"

"ट्रिमर," मी म्हणालो.

गुरुजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "केसांचं वळण बघून फिरवावा. उलटा फिरवला की असंच होतं." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले. लक्ष्मणाने इथेच शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून हे नाशिक म्हणतात, मी निदान नाकाखालीच थांबलो.

आता प्रश्न मधल्या काळाचा. मिशी गेल्यावर खाली निघाली एक वेगळ्याच रंगाची पट्टी. गाल आणि कपाळ बावीस वर्षं सिडको ते अंबड दुचाकीवर भाजून निघालेलं, आणि ओठाच्या वर मात्र बाळासारखं गोरं, जणू चुन्याचं बोट ओढलंय. पोरीने सनस्क्रीन आणून दिलं. दोन बोटांच्या लांबीएवढं काढायचं म्हणे, चेहऱ्याला आणि मानेला मिळून. मी आत्तापर्यंत मोहरीएवढं लावत होतो. ३० चं आणलंस, ५० चं का नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, ३० वालं सुद्धा जळवणारे किरण ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८, तू आधी नीट लाव. लावलं नीट. त्यावर हेल्मेट घातलं. कंपनीत पोचेपर्यंत त्यातलं निम्मं हेल्मेटच्या फोमला लागलेलं, सध्या माझ्या हेल्मेटची स्किन फार छान झालीये.

वाढ चालू आहे. चेहऱ्यावरचा केस दिवसाला अर्धा मिलिमीटरही धड वाढत नाही, हे मला माहीत आहे, तरी मी रोज बघतो. बाबा म्हणतात आता दुप्पट दाट येईल. तसं काही नसतं, कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून फक्त राठ लागतं, नाहीतर एवढ्या कटिंगा करून माझ्या टाळूवर जंगल झालं असतं. पण ८१ वर्षांच्या आणि नुकत्याच परत आलेल्या माणसाशी वाद घालवत नाही.

शेवटी बाबांनीच उपाय काढला. म्हणाले, संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला चल, लोकांना दिसू दे मी आहे. गेलो. बाबा मुद्दाम मोठ्याने बोलत होते, दोघातिघांना थांबवून तब्येत सांगितली, सगळं व्यवस्थित चाललं होतं. तेवढ्यात कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका दुकानातून बाहेर आले, एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्या ओठाकडे, आणि बाबांचे दोन्ही हात धरून म्हणाले,

"काकूंचं कळलंच नाही हो आम्हाला."

आता आम्ही तिघं फिरायला जातो. आई पुढे चालते.