‘तुम्हा लोकांना देश म्हणजे पायरी’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

न्यूझीलंडमधल्या नर्सेस ऑस्ट्रेलियात का जातात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, “भारताच्या पैशावर शिकायचं, न्यूझीलंडचा पासपोर्ट हातात पडला की सिडनी गाठायची. तुम्हा लोकांना देश म्हणजे पायरी.” पुढे घरांच्या किमती आणि आमच्या मुलांचं मराठी यांवरही बरंच सुनावलंय. त्यात मी पडत नाही.

पण “तुम्हा लोकांना”? आपली ओळख ना पाळख. समोरासमोर बसून असं बोलला असतात का? मुद्दा सभ्य शब्दांतही मांडता येतो.

भारताचा पैसा म्हणालात, म्हणून सांगते. माझं नर्सिंग खासगी कॉलेजात झालं, फी बाबांनी पीएफमधून काढली. नंतर आयसीयूत रात्रपाळ्या केल्या, तेव्हा खोलीचं भाडं आणि मेस भागली की पगार संपायचा. इथे न्यूझीलंडमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी पुन्हा कोर्स करावा लागला, तोही कर्ज काढून. यात करदात्यांचा रुपया कुठला, ते दाखवाच.

पासपोर्टचा हिशेब करणारे आहेत, हे मान्य. माझ्याही ओळखीत आहेत. पण ऑस्ट्रेलियात जाणाऱ्या किवी, म्हणजे न्यूझीलंडच्या, नागरिकांत बहुसंख्य इथेच जन्मलेले असतात. त्यांना कुणी पायरीवाले म्हणत नाही. आडनाव जोशी किंवा पाटील असलं की मात्र लगेच नियत तपासायची!

आणि हे दार आम्ही फोडलेलं नाही. १९७३ मध्ये न्यूझीलंडचे नॉर्मन कर्क आणि ऑस्ट्रेलियाचे गॉफ व्हिटलम या दोन पंतप्रधानांनी एकमेकांच्या नागरिकांना राहायला-कमवायला मोकळीक दिली. १९९८ पासून, डॉक्टर वगळता, नर्ससारख्या नोंदणीकृत व्यवसायांची एका देशातली नोंदणी दुसऱ्या देशात मान्य होते. ‘मागच्या दाराने येतात’ ही तक्रार ऑस्ट्रेलियातही जुनीच आहे. त्या सरकारने २६ फेब्रुवारी २००१ नंतर येणाऱ्या किवींचे बेकारी भत्त्यासारखे बरेच हक्क काढले, पण कामाची मोकळीक ठेवली. उलट १ जुलै २०२३ पासून चार वर्षं राहिलेल्या किवीला थेट नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ज्यांचं घर आहे, त्यांनी इतका विचार करून हे ठरवलंय. तुम्ही पुण्यात बसून कुणाच्या वतीने रागावलात?

पासपोर्ट काय असतो, तेही माझ्याकडून ऐका. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथलं नागरिकत्व घेतल्यावर माझा भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला, त्या रात्री मी जेवले नाही. आणि मी ऑकलंडमध्येच आहे, त्याच वॉर्डात. माझ्या मैत्रिणी ब्रिस्बेनला गेल्या त्या जास्त पगारासाठी, आणि एका पाळीत कमी पेशंट बघावे लागतात म्हणून. यात लाज वाटण्यासारखं मला काहीच दिसत नाही.

पगाराच्या आकड्यांवर वाद घालायचा असेल तर जरूर या, मी उत्तर देईन. “तुम्हा लोकांना” अशी सुरुवात असलेली प्रतिक्रिया मात्र यापुढे इथे दिसणार नाही.